घरचा डेटा वेळेआधी का संपतो? टीव्ही आणि रेडिओ इंटरनेटवर चालणाऱ्या घरांसाठी तपासणीचा क्रम

ज्या घरांनी केबल किंवा डिश बंद करून टीव्ही वाय-फायवर घेतला आहे आणि आकाशवाणीही फोनवरच ऐकायला सुरुवात केली आहे, त्या घरांतून एकच तक्रार वारंवार येते. पॅक पूर्वीपेक्षा मोठा घेतला, तरी डेटा पुरत नाही. अशा अनेक घरांतील जोडणी तपासून दुरुस्त केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, यांतील बहुतेक घरांना मोठ्या पॅकची गरज नसते. कोणते उपकरण किती डेटा घेते हे एकदा मोजून पाहण्याची गरज असते. पुढील तपासण्या सर्वांत सोप्या आणि बिनखर्चाच्या तपासणीपासून सुरू होतात. त्या याच क्रमाने कराव्यात, कारण पुष्कळदा दुसऱ्या किंवा तिसऱ्या तपासणीतच कारण सापडते आणि पुढे जावे लागत नाही.

लक्षणे

दोष डेटा संपण्याचा आहे की लाइनचा, हे आधी ओळखले पाहिजे, कारण दोन्हींचे उपाय पूर्णपणे वेगळे आहेत. डेटा संपल्याचे मुख्य लक्षण म्हणजे वेळेची नियमितता. दैनिक मर्यादेच्या सिमवर घर चालत असेल, तर दुपारनंतर किंवा संध्याकाळी ठरावीक सुमारास सर्व काही मंदावते आणि मध्यरात्रीनंतर आपोआप सुरळीत होते. मासिक मर्यादा असेल, तर महिन्याचा शेवटचा आठवडा जड जातो आणि नवे बिलचक्र सुरू होताच तक्रार नाहीशी होते. व्हॉट्सॲपवरील मजकूर जातो, पण छायाचित्र जात नाही. टीव्हीवर नुसते वर्तुळ फिरत राहते. रेडिओ काही सेकंद वाजतो, थांबतो आणि पुन्हा वाजतो.

दुसरे लक्षण वेगाचे आहे. मर्यादा संपल्यानंतर कंपनी वेग बांधून टाकते. अनेक मोबाइल पॅकमध्ये तो ६४ केबीपीएस (सेकंदाला ६४ किलोबिट) असतो. घरगुती ब्रॉडबँडमध्ये तो याहून अधिक, पण ठरलेला असतो. त्यामुळे वेग मोजला असता आकडा दरवेळी जवळपास तेवढाच येतो. याउलट वेग क्षणात चढत आणि क्षणात उतरत असेल, किंवा फायबरच्या डबीवर लाल दिवा लागला असेल, तर तो लाइनचा दोष आहे आणि खालील तपासण्यांचा त्याला उपयोग होणार नाही. वेग मोजण्याची चाचणी मात्र पुन्हा पुन्हा करू नये. १०० एमबीपीएसच्या (एक एमबीपीएस म्हणजे १,००० केबीपीएस) जोडणीवर दहा सेकंदांची एक चाचणी केवळ डाउनलोडसाठीच सुमारे १२५ एमबी खर्च करते.

हिशोबाची एक रीत

हा हिशोब समजला की पुढील प्रत्येक तपासणी सोपी होते. प्रसारणाचा दर केबीपीएसमध्ये घ्यावा आणि त्याला ०.४५ ने गुणावे. जे उत्तर येईल तेवढे एमबी एका तासात खर्च होतात. म्हणजे ६४ केबीपीएसवर चालणारा रेडिओ तासाला सुमारे २९ एमबी घेतो आणि १२८ केबीपीएसचा सुमारे ५८ एमबी. ५ एमबीपीएसने येणारे एचडी चित्र तासाला सव्वादोन जीबी घेते आणि १५ एमबीपीएसचे फोर-के चित्र पावणेसात जीबी.

हे आकडे शेजारी शेजारी ठेवले की एक गोष्ट स्पष्ट दिसते: एक तास एचडी चित्र पाहण्यात जेवढा डेटा जातो, तेवढ्यात ६४ केबीपीएसचा रेडिओ अखंड तीन दिवसांहून अधिक वाजू शकतो. असे असूनही घरात दोष बहुधा रेडिओवरच येतो. सकाळी आकाशवाणीच्या बातम्या लावणाऱ्या आजी-आजोबांना ‘तुमचा रेडिओ डेटा खातो’ असे सांगून तो बंद करायला लावलेला मी अनेक घरांत पाहिला आहे आणि ते मला दरवेळी खटकते. मर्यादा संपल्यावर उरलेल्या ६४ केबीपीएसमध्ये चित्र तर येतच नाही, पण रेडिओ कसाबसा येऊ पाहतो आणि त्याच वेळी घरातील इतर फोनही तोच वेग ओढत असल्यामुळे तो अडखळतो. त्याचे अडखळणे ऐकू येते, म्हणून नजर त्याच्याकडे वळते. डेटा त्याच्या कितीतरी आधी दुसऱ्याच उपकरणाने संपवलेला असतो.

याला एक अपवाद आहे. दुकानात किंवा स्वयंपाकघरात दिवसरात्र सुरू राहणारा १२८ केबीपीएसचा प्रवाह २४ तासांत सुमारे १.३८ जीबी घेतो. पॅक रोज दीड जीबीचा असेल, तर इथे खरोखरच रेडिओ कारणीभूत असतो. रात्री आपोआप बंद होण्याची वेळ ॲपमध्ये लावून दिली की हा प्रश्न बव्हंशी सुटतो.

पहिली तपासणी: पॅकचे नियम आणि सूचना कोणाकडे जातात

कंपनीच्या ॲपमध्ये जाऊन मर्यादा दैनिक आहे की मासिक, किती आहे आणि ती संपल्यावर वेग किती राहतो, हे तीन आकडे कागदावर लिहून घ्यावेत. जाहिरातीत ‘अमर्यादित’ असे लिहिलेल्या जोडणीलाही उचित वापराची मर्यादा असते. घरगुती फायबरच्या अनेक पॅकमध्ये ती महिन्याला ३,३०० जीबी आहे, तर छतावर यंत्र बसवून ५-जीवरून मिळणाऱ्या बिनतारी जोडणीत ती १,००० जीबीच्या आसपास असू शकते. दोन्ही जोडण्यांचे मासिक शुल्क आणि वेग जवळपास सारखेच दिसतात, म्हणून हा फरक लक्षात येत नाही. फोर-के चित्र रोज पाच तास पाहिले, तर तीस दिवसांत १,०१२ जीबी होतात. म्हणजे पहिल्या जोडणीत त्याने काहीच बिघडत नाही आणि दुसऱ्या जोडणीत महिनाअखेरीस घर बंद पडते.

घरगुती ब्रॉडबँडच्या ग्राहकाला मर्यादेच्या ५० टक्के, ९० टक्के आणि १०० टक्के वापरावर सूचना द्यावी, असा दूरसंचार नियामक प्राधिकरणाचा २०१६ चा निर्देश आहे. आमच्याकडे सूचना येतच नाही, असे ज्या घरांतून सांगतात, तिथे नोंदणीकृत क्रमांक बहुधा परगावी नोकरीला गेलेल्या मुलाचा किंवा बंद झालेल्या सिमचा निघतो. जो घरात राहतो त्याचा क्रमांक नोंदवावा. याला खर्च काही नाही.

दुसरी तपासणी: पडदा काळा, पण प्रवाह सुरू

टीव्हीला मागून जोडलेली स्टिक किंवा छोटा बॉक्स स्वतंत्र अडॉप्टरवर चालतो. टीव्हीच्या रिमोटने टीव्ही बंद केला, तर पडदा काळा होतो. स्टिकला त्याची कल्पना असतेच असे नाही. थेट वाहिनी किंवा एकापुढे एक लागणारे व्हिडिओ मग रात्रभर चालूच राहतात. रात्री दहा ते सकाळी सहा या आठ तासांत एचडी दर्जाचे १८ जीबी असेच निघून जातात. दोन जीबीच्या दैनिक पॅकवर तर मध्यरात्रीनंतर तासाभरातच दुसऱ्या दिवसाचा डेटा संपतो आणि ‘सकाळी उठून काही लावलेही नाही, तरी डेटा शून्य’ अशी तक्रार येते.

तपासणी सोपी आहे. रात्री टीव्ही नेहमीप्रमाणे बंद करावा, स्टिकचा अडॉप्टर भिंतीच्या बटणावरून बंद करावा आणि सकाळी कंपनीच्या ॲपमधील आकडा पाहावा. फरक पडला, तर कारण सापडले. कायमचा उपाय म्हणून टीव्हीच्या सेटिंगमध्ये एचडीएमआय-सीईसी ही सोय सुरू करावी. टीव्ही बंद होताच ती जोडलेल्या उपकरणालाही झोपवते. निरनिराळ्या कंपन्या तिला निरनिराळी नावे देतात. ती सापडत नसेल, तर भिंतीवरचे बटण पुरेसे आहे. त्याच वेळी प्रत्येक ॲपमधील ‘पुढचा भाग आपोआप लावा’ ही सोयही बंद करावी. काही स्मार्ट टीव्ही सुरू होताच इंटरनेटवरील एखादी वाहिनी स्वतःहून लावतात, तेही सेटिंगमध्ये जाऊन थांबवता येते.

तिसरी तपासणी: चित्राचा दर्जा

बहुतेक ॲपमध्ये दर्जा ‘ऑटो’वर असतो. ऑटो म्हणजे जोडणी देऊ शकेल आणि पडदा दाखवू शकेल तेवढा मोठा दर्जा. आपल्या मर्यादेत किती शिल्लक आहे, हे त्याला ठाऊक नसते. म्हणूनच कंपनीने वेग वाढवून दिल्यावर डेटा पूर्वीपेक्षा लवकर संपू लागतो. त्यात चोरी किंवा फसवणूक काही नसते, चित्राचा दर्जा वाढलेला असतो.

नेटफ्लिक्सने दिलेल्या आकड्यांनुसार कमी दर्जाला तासाला सुमारे ०.३ जीबी, मध्यमला ०.७ जीबी आणि उच्च दर्जात एचडीसाठी ३ जीबीपर्यंत, तर फोर-केसाठी ७ जीबीपर्यंत डेटा लागतो. टीव्हीसाठी ही निवड ब्राउझरमधून खात्याच्या पानावर आणि प्रत्येक प्रोफाइलसाठी स्वतंत्रपणे करावी लागते, त्यामुळे केवळ एकाच सदस्याच्या प्रोफाइलवर केलेला बदल घराला पुरत नाही. ॲमेझॉनच्या फायर टीव्ही या स्टिकच्या सेटिंगमध्ये डेटा मॉनिटरिंग हा भाग आहे. त्यात सर्वच व्हिडिओंचा दर्जा खाली आणता येतो आणि कोणत्या ॲपने किती डेटा घेतला, तेही दिसते. टीव्हीवरील यूट्यूबमध्ये एका व्हिडिओला निवडलेला दर्जा पुढच्या व्हिडिओला टिकेलच असे नाही, म्हणून त्याच्यासाठी सहाव्या तपासणीतील उपाय अधिक भरवशाचा आहे.

किती दर्जा पुरेसा, याविषयी माझे मत असे आहे की, बातम्या, चर्चा, कीर्तन आणि दैनंदिन मालिका यांना ४८० चा दर्जा (म्हणजे चित्रात ४८० आडव्या ओळी) चालतो आणि ३२ इंची टीव्ही खोलीच्या दुसऱ्या टोकाहून पाहताना ७२० च्या वर गेल्याने फारसे काही मिळत नाही. क्रिकेटला मात्र ७२० हवाच, कारण वेगवान चेंडू कमी दर्जात दिसेनासा होतो. क्रिकेटच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगायला हवी. डिशवरून किंवा एफएमवर येणारे प्रसारण एका संचावर पाहा की दहांवर, खर्च बदलत नाही. इंटरनेटवर तसे नाही. प्रत्येक पडद्यासाठी वेगळा प्रवाह येतो. तोच सामना दिवाणखान्यातील टीव्हीवर आणि तीन फोनवर एकाच वेळी चालू असेल, तर डेटा चार प्रवाहांचा जातो.

चौथी तपासणी: जे प्रसारण हवेतून फुकट येते, ते इंटरनेटवरून घेतले जात नाही ना

पुण्यात विविध भारती १०१ मेगाहर्ट्झवर ऐकू येते, मुंबईत एफएम गोल्ड १००.७ वर आणि एफएम रेनबो १०७.१ वर. फोनमध्ये एफएमची सोय असेल, तर इअरफोनची तार जोडताच ती अँटेनाचे काम करते आणि एक केबीही खर्च न होता प्रसारण ऐकता येते. साधा रेडिओ संच असेल, तर त्याहून उत्तम. आकाशवाणी ऐकवणाऱ्या न्यूजऑनएअर ॲपचा खरा उपयोग आपल्या गावात जे केंद्र पोहोचत नाही त्यासाठी आहे, उदाहरणार्थ मुंबईत राहून रत्नागिरी किंवा सांगली केंद्र ऐकण्यासाठी. त्याचप्रमाणे सह्याद्री वाहिनी डीडी फ्री डिशवर मासिक शुल्काविना मिळते. ज्या घरात दिवसभर सह्याद्री किंवा बातम्यांची वाहिनी लावलेली असते आणि इंटरनेट मोबाइलच्या सिमवरून घेतले जाते, त्या घराला मोठ्या रिचार्जपेक्षा फ्री डिशचा एकदाच होणारा खर्च परवडतो, असे मी आवर्जून सांगतो.

गाणी ऐकण्यासाठी टीव्हीवर व्हिडिओ लावून ठेवण्याची सवयही याच तपासणीत पाहावी. कोणी पडद्याकडे बघत नसेल, तर तेच गाणे केवळ ध्वनी देणाऱ्या ॲपवरून ऐकावे.

पाचवी तपासणी: वाय-फाय म्हणजे फुकट, असे फोनला वाटते

वरच्या चारही तपासण्यांत कारण सापडले नाही, तर ते बहुधा इथे असते. फोन, लॅपटॉप आणि टीव्ही यांची रचनाच अशी आहे की मोबाइल डेटावर त्यांनी हात आखडता घ्यावा आणि वाय-फाय मिळताच सगळी राहिलेली कामे उरकून घ्यावीत. ॲपचे अपडेट, छायाचित्रांचा क्लाउडवर बॅकअप, व्हॉट्सॲपवरील सर्व व्हिडिओंचे आपोआप डाउनलोड, लॅपटॉपच्या विंडोजचे अपडेट ही कामे वाय-फायवरच होतात. घरातील वाय-फाय सिम घातलेल्या राउटरवरून येत असेल, तर ही सारी कामे त्या दीड-दोन जीबीतून होतात. एका अँड्रॉइड फोनचा हॉटस्पॉट दुसरा अँड्रॉइड फोन बहुधा मोजणीचा (मीटर्ड, म्हणजे मर्यादित डेटाचा) म्हणून ओळखतो. सिमवाल्या राउटरच्या बाबतीत तसे होत नाही.

उपाय प्रत्येक उपकरणावर एकदाच करायचा आहे. अँड्रॉइडमध्ये त्या वाय-फायच्या तपशिलात जाऊन नेटवर्क वापर ‘मीटर्ड’ करावा. आयफोनमध्ये त्याच वाय-फायसाठी ‘लो डेटा मोड’ सुरू करावा. विंडोजमध्ये ‘मीटर्ड कनेक्शन’ सुरू करावे आणि अपडेटच्या सेटिंगमधील इतर संगणकांना अपडेट पुरवण्याची सोय बंद करावी. व्हॉट्सॲपच्या स्टोरेज आणि डेटा या भागात वाय-फायवर आपोआप उतरणाऱ्या गोष्टींमधून व्हिडिओ काढून टाकावेत.

कोकणात गणपतीच्या दिवसांत ही तक्रार एकदम वाढते. मुंबईहून आलेल्या पाहुण्यांचे दहा-बारा फोन एकाच वेळी घरच्या वाय-फायला लागतात आणि दिवसभर काढलेली आरतीची, मखराची छायाचित्रे व व्हिडिओ रात्री क्लाउडवर चढू लागतात. वर चढणारा डेटाही मर्यादेत मोजला जातो, हे अनेकांना माहीत नसते. पाहुण्यांना वाय-फाय नाकारावे, असे मी कोणालाही सांगणार नाही. बहुतेक राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळे नेटवर्क करता येते आणि अनेकांत त्याचा वेग मर्यादित ठेवता येतो, तसे करावे.

कॅमेऱ्यांचा प्रश्नही चढणाऱ्या डेटाचाच आहे. क्लाउडवर सतत चित्रण पाठवणारा २ एमबीपीएसचा एक कॅमेरा महिन्याला सुमारे ६४८ जीबी घेतो आणि दोन कॅमेरे १,००० जीबीची मर्यादा एकट्यानेच ओलांडतात. हालचाल झाल्यावरच चित्रण पाठवणे किंवा चित्रण कॅमेऱ्यातील कार्डावर ठेवणे, हे दोन्ही पर्याय बहुधा उपलब्ध असतात.

सहावी तपासणी: राउटर

आता राउटरच्या पानावर जावे लागेल. त्याचा पत्ता आणि पासवर्ड सहसा राउटरच्या तळाशी चिकटवलेला असतो. जोडलेल्या उपकरणांची यादी उघडून घरातील प्रत्येक फोन, टीव्ही आणि कॅमेरा तिच्याशी ताडून पाहावा. अनोळखी नाव दिसले म्हणून लगेच शेजाऱ्यावर संशय घेऊ नये, कारण अनेक फोन खरे नाव न दाखवता अक्षरे आणि अंक यांची मालिका दाखवतात. घरातील एकेक उपकरण बंद करत गेल्यावरही जे नाव यादीत टिकते, ते परके. वाय-फायचा पासवर्ड बदलावा, सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ ठेवावा आणि डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता उपकरण जोडण्याची सोय) बंद करावे. ३,३०० जीबीची मर्यादा ओलांडणाऱ्या घराने ही तपासणी आवर्जून करावी, कारण दिवसाला ११० जीबी केवळ टीव्ही पाहून संपवणे एका कुटुंबाला सहज जमणारे नाही.

याच पानावर अनेक राउटरमध्ये उपकरणानुसार वेग बांधण्याची सोय असते आणि ती मला सर्वांत उपयोगी वाटते. इंटरनेटवरील चित्र काही सेकंदांच्या लहान लहान तुकड्यांत येते आणि प्रत्येक तुकड्याचा दर्जा त्या वेळच्या वेगानुसार ठरतो. टीव्हीला २ एमबीपीएसची मर्यादा घातली, तर कोणतेही ॲप तासाला ९०० एमबीच्या वर जाऊच शकत नाही, मग त्याच्या सेटिंगमध्ये काहीही असो. ॲपचे अपडेट झाल्यावर दर्जा पुन्हा ऑटोवर गेला, मुलांनी बदलला, पाहुण्यांनी बदलला, तरी ही मर्यादा टिकते. त्यासाठी टीव्हीला आधी कायमचा आयपी पत्ता (राउटर प्रत्येक उपकरणाला देतो तो क्रमांक) राखून द्यावा लागतो, नाहीतर वीज गेल्या-आल्यावर मर्यादा दुसऱ्याच उपकरणाला लागण्याची शक्यता असते. रेडिओ वाजवणाऱ्या फोनला मात्र अशी मर्यादा घालण्याचे काहीच कारण नाही.

कोठे थांबावे

एवढे केल्यावर एक दिवस मोजणी करावी. राउटरचा डेटा-मोजक शून्यावर आणावा, २४ तासांनी राउटरचा आणि कंपनीच्या ॲपमधील आकडा ताडून पाहावा. थोडा फरक चालतो, कारण काही ठिकाणी जीबी १,००० एमबीचा आणि काही ठिकाणी १,०२४ एमबीचा धरतात. कंपनीचा आकडा राउटरच्या दीडपट किंवा दुप्पट असेल, तर घरात शोधण्यासारखे काही उरलेले नाही. तिथे थांबावे आणि दोन्ही आकड्यांची छायाचित्रे घेऊन कंपनीच्या तक्रार केंद्राकडे जावे. तक्रार क्रमांक मागून घ्यावा. समाधान झाले नाही, तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे विनामूल्य दाद मागता येते. नियामक प्राधिकरण वैयक्तिक तक्रारी स्वतः निकाली काढत नाही, म्हणून तक्रार क्रमांकाशिवाय तिकडे लिहिण्यात वेळ जातो.

राउटरचा पासवर्ड कोणीतरी बदललेला आढळला, डीएनएसच्या (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधणाऱ्या सोयीच्या) जागी अनोळखी पत्ते दिसले किंवा सर्व उपकरणे बंद असतानाही राउटरचा मोजक वेगाने पुढे सरकत राहिला, तर राउटर वीजपुरवठ्यापासून तोडावा आणि जाणकार तंत्रज्ञाला बोलवावे. कंपनीने दिलेल्या राउटरमध्ये स्वतः फर्मवेअर (राउटर चालवणारी आतली प्रणाली) बदलण्याचा प्रयत्न करू नये. फायबरची पिवळी किंवा पांढरी बारीक तार काढू नये, मुडपू नये आणि तिच्या टोकात डोळ्याने पाहू नये, कारण तिच्यातून न दिसणारा लेझर प्रकाश येत असतो. छतावरील ५-जी यंत्राची दिशा बदलण्यासाठीही कंपनीच्याच माणसाला बोलवावे, विशेषतः पावसाळ्यात. निसरड्या कौलांवर किंवा पत्र्यावर चढण्याइतके यातील कोणतेही काम तातडीचे नसते.